विलायत

आमच्याकडे विलायतेला गेलेला बॅरिस्टर होऊन परतायचा.
मी गेलो ती विलायत ओमानच्या पोटातली:
सातशे खजुरी, त्याहून जास्त शेळ्या,
एक पेट्रोल पंप, तोही दुपारी झोपलेला.
तिकडे तालुक्यालाच विलायत म्हणतात
हे आईला पत्रात लिहिलं नाही.
तोवर गावात पेढे वाटून झाले होते.

नाव परशुराम टेमकर, हुद्दा ड्राफ्ट्समन.
अरबीत प नाही, ट नाही.
कार्डावर मी बरशुराम तेमकर झालो
आणि पगार वेळेवर येतोय म्हटल्यावर
त्या हाकेला ओ देऊ लागलो.

नकाशासाठी गावांची नावं गोळा करायची होती.
जीप, दुभाष्या, पाण्याचा डबा,
वहीत तीन रकाने: नाव, अर्थ, सांगणारा.
सुवैद बिन खल्फाननं विहिरीवर नेलं.
काठाच्या दगडाला खाचा, बोट आत जाईल एवढ्या.
उम्म अल-हबल, तो म्हणाला. दोराची आई.
दुष्काळात पाणी खाली खाली गेलं तेव्हा
बायकांनी उंटांची दावी, तंबूंचे ताण, पाळण्यांच्या दोऱ्या
एकीला एक गाठवून सोडल्या,
आणि शेवटच्या गाठीला ओल लागली.
चुलतभाऊ म्हणाला, साफ खोटं,
इथं एका खजूरचोराला बांधून ठेवला होता.
दोघं तीन दिवस बोलले नाहीत.
मी दोन्ही लिहून घेतलं.

विहिरीपासून निघालेली बैलाची उतरण बघून
मी ओरडलोच, अहो, ही तर धाव!
हे थारोळं, हा कणा, ही सोंदूर.
दुभाष्या गप्प. सुवैद मान डोलवत होता,
एकही शब्द न कळता, सगळं कळल्यासारखा.

मग मस्कतची खोली, जून महिना, एसी बंद,
ट्रेसिंग पेपर मनगटाला चिकटतोय.
हबलच्या पहिल्या अक्षराखाली
माझ्या पेनातून शाईचा ठिपका गळला.
तेवढ्यानं अरबीत ह चा ज होतो.
हबल म्हणजे दोर, जबल म्हणजे डोंगर.
मला लिपी येत नव्हती, मी रेषा गिरवत होतो.
ज्याला येत होती तो सुटीवर, सुदानला.

छापून आलं उम्म अल-जबल. डोंगराची आई.
विलायतीलाही तेच नाव मिळालं,
शिक्क्याला, दवाखान्याला, शाळेला.
नजर पोचेल तिथवर डोंगर नाही.
इजिप्तहून आलेल्या मास्तरांनी निबंध घातला: आमचा डोंगर.
पोरं कबरस्तानामागचं टेकाड दाखवू लागली.
एकानं त्याच्यावर बर्फसुद्धा काढला.

अक्षर लावून वाचायला यायला मला नऊ वर्षं लागली.
एका पाटीपाशी गाडी थांबवून
मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

सुवैदला सांगायला गेलो. त्याला वाचता येत नाही.
वाळूत बोटानं दोन्ही शब्द काढून दाखवले.
कुठाय फरक?
हा.
हा? शेळीच्या लेंडीएवढा?
खोकला लागेस्तोवर हसला.
मग विचारलं, दुरुस्त होईल?
अर्ज, समिती, राजपत्र, मी सांगत होतो,
त्यानं हात झटकला: राहू दे.
डोंगर काय, नसला तरी पडून राहील.

विहिरीवर आता डिझेलचं इंजिन आहे.
खाचा आहेत, त्यांत मुंग्या आहेत.
तुमच्यात या मोठ्या दोराला काय म्हणतात, त्यानं विचारलं.
नाडा.
त्याच्या जिभेला ड जमेना. नदा, म्हणाला, नदा,
आणि थांबला.
नदा म्हणजे आमच्यात दंव.
दोराला तुम्ही दंव म्हणता?

मी हो म्हटलं.
वही उघडली नाही.